माझी गोळी आणि त्यांचा उपास

माझ्या सासूबाईंना मी कधी आवडले नाही आणि मलाही त्या कधी आवडल्या नाहीत. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे शेवटी आम्ही एकमेकींच्या गळ्यात पडू अशी आशा कोणी धरायला नको.

मी बुऱ्हाणपूरजवळच्या शाहपूरची. वडिलांची केळीची बाग. इंदूरला प्राणिशास्त्र शिकले, बुऱ्हाणपुरात कॉलेजात शिकवायला लागले आणि लग्न करून तिथल्याच राजपुरा वस्तीत आले. घरात तिघं होती: सासूबाई, माझा नवरा आणि त्याची धाकटी बहीण. सासरे आधीच गेलेले. नवऱ्याचं कापडाचं दुकान. नणंद माझ्याहून बरीच लहान, पण त्या घरची रीत अशी की मी तिला ताई आणि तुम्ही म्हणायचं, तिनं मला वहिनी आणि तू. मी ती रीत पाळली. पाळताना दरवेळी दात आवळले, पण पाळली.

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी माझा गर्भ पडला. त्यानंतर केस मूठमूठ गळायला लागले, चेहरा सुजला, एप्रिलच्या बुऱ्हाणपुरी उन्हात मला पंख्याखाली थंडी वाजायची. डॉक्टरांनी रक्त तपासलं. थायरॉइडची ग्रंथी सुस्तावली होती. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, आणि ती बहुतेक जन्मभर. मला दुःख झालं नाही, उलट हायसं वाटलं. आपण आळशी नाही, आपल्याला काहीतरी झालंय, हे कळलं की माणसाला धीर येतो.

सासूबाईंना मात्र गोळी म्हणजे थेरं वाटायची. "अंगात आळस भरेल आहे, त्याला डाक्टर लोक नाव देतात," असं त्या शेजारणीला, मला ऐकू जाईल इतक्या आवाजात सांगायच्या. "आमच्या वेळेस बाया उपास करायच्या. सगळं आपोआप ठीक व्हायचं."

उपास हा त्यांचा अभिमान होता. दोन्ही नवरात्रं त्या फक्त पाण्यावर आणि संध्याकाळच्या कपभर दुधावर काढायच्या. साबुदाणा, भगर, केळ्याचे वेफर हे त्यांच्या लेखी पोटभरूंचं काम. मी उपास धरत नव्हते. गोळी घेऊन थोड्या वेळानं चहा, पोहे आणि मग कॉलेज. नवरात्रात मी पोहे परतायला लागले की त्या ओट्याजवळ येऊन उभ्या राहायच्या आणि कढईकडे बघत राहायच्या. मी आणखी एक मूठ शेंगदाणे टाकायचे.

माझ्या लग्नाच्या पाचव्या वर्षी ताईंचं लग्न ठरलं. मुलगा खंडव्याचा, बँकेत. बघून गेल्यावर मुलाच्या आत्यानं फोनवर हसत हसत म्हटलं, की मुलगी चांगली आहे, फक्त जरा भरलेली आहे, लग्नापर्यंत होईल कमी. ताई खरं तर चांगल्या बांध्याच्या होत्या. रवा-तूप-साखर घोटून केलेला दराबा त्यांचा जीव की प्राण, संध्याकाळी वाटीभर घेऊन गच्चीवर बसायच्या. त्या फोननंतर वाटी बंद झाली. आश्विनातल्या नवरात्रात त्यांनी आईसारखा पाण्या-दुधाचा उपास धरला, आणि दसऱ्याला सोडला नाही. दिवसातून एकदा अर्धी भाकरी आणि काकडी, बाकी पाणी.

पहिल्यांदा वजन भराभर उतरलं. सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायच्या. मग ते अडलं. ताई रोज सकाळी काट्यावर उभ्या राहायच्या आणि काटा तिथेच. हात-पाय गार पडायला लागले, स्वेटर घालून बसायच्या, ऑक्टोबरच्या उकाड्यात. पोट साफ होईना. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर उशिरानं यायचं.

एका संध्याकाळी जेवणाच्या वेळी मी बोलले. बोलायला नको होतं असं मला आजही वाटत नाही.

"ताई, तुमचं वजन आता असं उतरणार नाही," मी म्हटलं. "अन्न आलं नाही की शरीराला वाटतं दुष्काळ पडला. मग ते आपली आच बारीक करतं."

"कसली आच?" ताईंनी विचारलं.

मी सांगितलं. गळ्यातली ही ग्रंथी जो रस सोडते तो कोठारात ठेवलेल्या सरपणासारखा असतो. यकृत त्यातून आयोडीनचा एक कण काढून टाकतं तेव्हा कुठे तो पेट घेतो, त्याला टी-थ्री म्हणतात. तो पेशीपेशीत आच वाढवतो. पण उपास लांबला की यकृत हात आखडतं, आणि काही माल तर मुद्दाम उलटा कापतं, म्हणजे तो पेटूच नये. चरबीकडून मेंदूला जाणारा निरोपही बारीक होतो, मग मेंदू ग्रंथीलाही सांगतो, जरा दमानं. हृदय हळू, अंग गार, डोकं मंद. हा आजार नाही, ही काटकसर आहे. नाहीतर शरीर आपलंच मांस खाऊन संपेल. "इंदूरला आम्ही उंदरांवर हे पाहिलं आहे," मी म्हटलं. "उपाशी ठेवले की ते एकमेकांना चिकटून गोळा होऊन बसायचे. रक्त तपासलं की टी-थ्री उतरलेलं. खायला दिलं की परत वर."

सासूबाईंनी ताटावरून हात उचलला. "म्हणजे माझी पोरगी उंदीर."

"आई, सगळ्या सस्तन प्राण्यांचं तसंच असतं. माझंही."

"तुझं तर दिसतंच आहे," त्या म्हणाल्या. "आम्ही देवीसाठी उपास करतो, तू त्याला उंदराच्या पिंजऱ्यात घातलंस. एवढी शिकली, अन् जीभ पाहा."

नवरा भात कालवत राहिला. मी त्याच्याकडे पाहिलं. त्यानं वरण मागितलं.

त्यानंतर आठवडाभरातच ताई मैत्रिणीबरोबर एका लॅबमध्ये जाऊन संपूर्ण शरीराची तपासणी करून आल्या. असली पॅकेजं हल्ली गल्लीगल्लीत मिळतात. रिपोर्टात टी-थ्रीच्या पुढे खाली जाणारा बाण होता. बाकी थायरॉइडचे आकडे ठीक. मी ते पाहिलं आणि म्हटलं, "हेच तर मी सांगत होते. हा उपासाचा बाण आहे. दोन आठवडे नीट जेवा आणि परत तपासा, जागेवर येईल."

पण घरानं त्या बाणाचा वेगळाच अर्थ लावला. ताईंना थायरॉइड झाला, आणि तो माझ्याकडून आला. माझं ताट वेगळं ठेवलं गेलं. माझा पाण्याचा ग्लास खिडकीत गेला. मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, हा काही ताप-खोकला नाही, उष्ट्यानं लागायला. तुम्ही तरी सांगा." तो म्हणाला, "सांगेन." सांगितलं नाही.

मग ताई माझ्या खोलीत आल्या. दार लोटून घेतलं, आणि हातातला फोन माझ्यासमोर धरला. "वहिनी, हे वाच. समुद्रातल्या सीलचं पिल्लू आई सोडून गेल्यावर कितीतरी आठवडे उपाशी राहतं. त्याचं थायरॉइड कमी होत नाही, उलट वाढतं. अन् ते चरबी जाळून जगतं. म्हणजे उपासात थायरॉइड वाढवलं तर चरबीच जळते ना? मग मी तुझी गोळी घेतली तर काय बिघडलं?"

खरं सांगायचं तर मला क्षणभर कौतुक वाटलं. माझ्या वर्गात एवढा नेमका प्रश्न कधी कोणी विचारला नव्हता. मी पलंगावर सरकून त्यांना जागा केली आणि नीट सांगितलं.

"बरोबर वाचलंत. पण त्या पिल्लाला त्याच्या आईनं लोण्यासारखं दूध पाजून पाजून चरबीचं गाठोडं करून ठेवलेलं असतं. ते जनावर त्या उपासासाठीच घडलंय. आच मोठी ठेवूनही स्नायूला हात लावायचा नाही, अशी त्याच्या अंगाची शिस्त आहे. आपली नाही. आपल्या अंगात उपासाच्या वेळी बाहेरून ही गोळी ढकलली, तर आच वाढेल, पण जळेल काय? दंड, मांड्या, हृदयाचा स्नायू. काटा खाली जाईल, चरबी मात्र बरीचशी तिथेच राहील."

"म्हणजे देणार नाहीस."

"नाही."

त्या उठल्या. दारातून म्हणाल्या, "आई म्हणते ते खरंच आहे. माझं लग्न व्हायला नको आहे तुला."

बाहेर सासूबाई उभ्याच होत्या. रात्री त्यांचा आवाज माजघरातून येत राहिला: स्वतः रोज खाते, पोरीला एक देत नाही, पोटचं गेलं तरी अक्कल येत नाही. शेवटचं वाक्य त्यांनी मुद्दाम सावकाश म्हटलं. ते मी विसरलेली नाही आणि विसरायचा प्रयत्नही केलेला नाही.

माझ्या गोळ्या मी तेव्हापासून कॉलेजातल्या कपाटात ठेवायला लागले, दुसऱ्या सकाळची एक तेवढी पर्समध्ये. पण मी आधीच टाकून दिलेली रिकामी स्ट्रिप कचऱ्यातून उचलून सासूबाई चौकातल्या मेडिकलवर गेल्या. दुकानदारानं स्ट्रिपवरचं नाव वाचलं आणि तीच गोळी दिली. चिठ्ठी मागितली नाही. माझ्या ताकदीची गोळी, माझ्या बिघडलेल्या ग्रंथीसाठी ठरवलेली, धड ग्रंथी असलेल्या उपाशी मुलीला. आणि एकीनं लवकर फरक पडेना म्हणून ताई सकाळी दोन आणि संध्याकाळी एक घ्यायला लागल्या. हे सगळं मला नंतर कळलं.

मला आधी दिसलं ते वेगळंच. काटा पुन्हा हलायला लागला होता. घरात आनंद होता, शिंप्याकडे ब्लाऊज लहान करायला गेले होते. पण ताईंचा चहाचा कप बशीत वाजायचा. स्वेटर निघाला आणि आता त्या पंख्याखाली बसूनही घामानं ओल्या असायच्या. गालफडं बसली, दंड काठीसारखे झाले, पोटाचा घेर मात्र होता तसा. जमिनीवर बसल्या की हाताचा टेका घेतल्याशिवाय उठता येईना. हे मला ओळखता येणार नाही तर कोणाला.

मी सासूबाईंना स्वयंपाकघरात गाठलं. "ताई कसली गोळी घेतायत?"

"कसली गोळी?"

"हात थरथरतात त्यांचे. आई, त्यांचं मांस झडतंय. गोळ्या बंद करा आणि जेवू घाला, नाहीतर हृदयावर येईल."

त्या पीठ मळत होत्या, थांबल्या नाहीत. "पोरगी बारीक झाली तर तुझा जीव जळतो. तुला होता येत नाही ना."

मी थेट दुकानात गेले. नवरा गिऱ्हाइकाला थान उलगडून दाखवत होता. गिऱ्हाईक जाईपर्यंत उभी राहिले आणि मग सगळं सांगितलं. त्यानं मोजपट्टी गुंडाळली. "कार्तिक पौर्णिमा होऊन जाऊ दे," तो म्हणाला. "मग डॉक्टरकडे नेऊ. आत्ता घरात कटकट नको."

कार्तिक पौर्णिमेला सकाळी आम्ही सगळे ताप्तीच्या राजघाटावर स्नानाला गेलो. मला जायचं नव्हतं, पण ताईंना एकटं सोडायची भीती वाटली. ही माया नव्हती. मला काय होणार ते माहीत होतं, एवढंच. ताप्तीला पाणी बरंच होतं, पायऱ्यांवर गर्दी. ताईंनी बुडी मारली, वर आल्या, आणि ओल्या साडीत दोनतीन पायऱ्या चढून तिथेच बसल्या. सासूबाई म्हणाल्या, "ऊठ, लोक मागे आहेत." ताईंनी उठायचा प्रयत्न केला. मांड्यांनी साथ दिली नाही. मग त्यांनी छातीवर हात ठेवला आणि मला म्हणाल्या, "वहिनी, आत काहीतरी पळतंय."

मी मनगट धरलं. नाडी वेगात होती, आणि मधूनच अडखळत होती, धावता धावता ठेच लागावी तशी. मी नवऱ्याला म्हटलं, "उचला." त्या दिवशी त्यानं मुकाट्यानं ऐकलं.

दवाखान्यात डॉक्टर बाई होत्या, माझ्याच वयाच्या. छातीचा आलेख काढला, सलाइन लावलं, रक्त पाठवलं. पोटॅशियम फारच खाली आलं होतं. त्यांनी विचारलं, "काय खाते? काय औषधं चालू आहेत?"

"उपास आहे," सासूबाई म्हणाल्या. "दवाई काहीच नाही."

"थायरॉइडची गोळी," मी म्हटलं. "माझ्या गोळीसारखीच. किती घेतात ते मला माहीत नाही. आजार काही नाही, उपासामुळे टी-थ्री उतरलं होतं, त्यावर सुरू केली."

डॉक्टर बाईंनी सासूबाईंकडे पाहिलं. "गोळी कोणी दिली?"

सासूबाईंनी माझ्याकडे बोट केलं. "हिनंच. हिलाच तर तो आजार आहे. हिच्याशिवाय घरात कोण खातं ती गोळी? शिकलेली आहे, कॉलेजात विज्ञान शिकवते, म्हणून पोरीनं विश्वास ठेवला."

त्यांचा आवाज अजिबात हलला नाही. मी ताईंकडे पाहिलं. त्यांचे डोळे उघडे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग छताकडे, आणि मग मिटून घेतले. नवरा भिंतीला टेकून उभा होता. डॉक्टर बाई मला शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही विज्ञान शिकवता ना?" त्या तीन-चार शब्दांत मला जो अपमान वाटला तो त्या पाच वर्षांत सासूबाईंना एकदाही करता आला नव्हता.

बाहेर व्हरांड्यात मी नवऱ्याला विचारलं, "तुम्हाला माहीत आहे गोळ्या कोणी आणल्या?"

"माहीत आहे," तो म्हणाला. "मेडिकलवाल्यानं परवाच सांगितलं. पण आई म्हातारी आहे. जाऊ दे. पोरगी बरी झाली की झालं."

मी त्याला तिथेच सांगितलं, की मी आता राजपुऱ्याला येणार नाही. मी ओरडले नाही. रिक्षा केली, घरून दोन पिशव्यांत कपडे आणि पुस्तकं भरली, आणि कॉलेजजवळ एका सहकारी बाईंच्या माडीवर खोली घेतली.

ताई बऱ्या झाल्या. गोळ्या बंद केल्या, खाणं हळूहळू वाढवत नेलं. उपाशी शरीराला एकदम भरवलं तर तेही त्याला झेपत नाही, हे डॉक्टर बाईंनी सासूबाईंना समजावलं. डॉक्टरचं म्हणून त्यांनी ते ऐकलं. हिवाळा सरता सरता पुन्हा रक्त तपासलं तेव्हा सगळे आकडे जागेवर होते. थायरॉइड त्यांना कधी नव्हताच. हे मला सहकारी बाईंच्या मार्फत कळलं, घरातून कोणी कळवलं नाही. लग्न ठरल्या मुहूर्तावर झालं. ताई होत्या तशाच भरलेल्या होत्या, आणि मुलाच्या आत्यानं काही म्हटलं नाही. मी कॉलेजातून परस्पर मांडवात गेले आणि जेवणाआधी निघाले, कारण पंगतीत दोन बायका कुजबुजत होत्या: हीच ती, हिनंच गोळ्या दिल्या होत्या. मी त्यांच्यासमोर थांबून म्हटलं, "मी दिल्या नव्हत्या." त्यांनी पदर सारखे केले.

पुढच्या उन्हाळ्यात नवरा एक सुटकेस घेऊन माझ्या माडीवर आला. मी दार उघडलं, कारण मला तो नकोसा झाला नव्हता. त्याचं गप्प राहणं नकोसं झालं होतं. माझी अट एकच होती: माझ्याबद्दल कोणी खोटं बोललं तर तिथल्या तिथे खोडून काढायचं. तो ती पाळतो. चेहरा पाडून, उशिरानं, पण पाळतो. सासूबाई राजपुऱ्यात एकट्या राहतात. दिवाळीत मी जाते, फराळ ठेवते, परत येते. त्या माझ्याकडचं काही खात नाहीत. मी विचारत नाही.

गेल्या वर्षी ताई बाळाला घेऊन माहेरी आल्या होत्या. सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी मी दिवाळीचं ताट घेऊन गेले तेव्हा त्या अंगणात बाळाला तेल लावत होत्या आणि सासूबाई शेजारच्या नव्या भाडेकरीण बाईंना तोच किस्सा ऐकवत होत्या. मी ताट ओसरीवर ठेवलं आणि त्या बाईंना म्हटलं, "गोळ्या यांनी आणल्या होत्या, माझी टाकलेली स्ट्रिप दाखवून." बाई उठून गेल्या. सासूबाईंनी आत जाऊन दार लावून घेतलं.

ताई बाळाच्या पायाला तेल चोळत राहिल्या. "एवढ्या वर्षांनी काय फरक पडतो, वहिनी?"

"मला पडतो. तुम्ही एकदा बोलला असतात तर संपलं असतं."

"मला माहीत आहे," त्या हळूच म्हणाल्या. "पण आई आहे तोवर मी बोलणार नाही."

"मग मीही येते आहे तोवर बोलत राहणार," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली, जणू हे रास्त आहे. बाळ रडायला लागलं म्हणून त्यांनी त्याला छातीशी घेतलं. मी चपला घातल्या आणि बाहेर पडले. गल्लीत यंत्रमागांची खडखड चालू होती, आणि दुपारच्या तासाला वेळेवर पोचायचं होतं.